बावन्न हक्क आणि मानवी हक्क

गेल्या वर्षावासात मंगळवेढा तालुक्यातील एका गावच्या विहारात ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि बुद्धधम्म’ या विषयावर माझे व्याख्यान झाले. धम्मपालन गाथा झाली, खीरदान सुरू झाले, तेवढ्यात ऐंशीच्या पुढचे एक उपासक काठी टेकीत उभे राहिले. म्हणाले, “सर, जयभीम. एक शंका हाय. आमच्या आज्याकडं बावन्न हक्क हुते म्हनत्यात, बादशहानं दिलेलं. मग बाबासाहेबांनी ते सोडायला का लावलं? आन् तुम्ही तर म्हनता, हक्क मागायला त्यांनीच शिकवलं.” दोन-चार तरुण हसले. मला हसू आले नाही. ही शंका वरवर भोळी वाटली, तरी युरोपातील प्रबोधनयुगाचा आणि त्यातून उद्भवलेल्या राज्यक्रांत्यांचा सारा मर्मभाग तिच्यात सामावलेला आहे. त्या दिवशी वेळेअभावी मी थोडक्यात उत्तर दिले आणि ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा विस्तार होय.

मंगळवेढ्यासंबंधी वाचकांना बरेच ठाऊक असेल. मालदांडी ज्वारीचे हे गाव एके काळी कलचुरी बिज्जलाची राजधानी होते. महात्मा बसवेश्वरांनी कल्याणला जाण्यापूर्वी येथेच बिज्जलाच्या पदरी सेवा केली, अशी परंपरा आहे. कान्होपात्रा येथलीच. चोखामेळा इ. स. १३३८ मध्ये येथेच गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून तिच्याखाली गाडले गेले. संतचरित्रे पुढे सांगतात की, नामदेवांनी येऊन ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचून नेल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. चरित्रकारांचा सारा भर त्या नामावर आहे. ज्या कुसाच्या आत त्या माणसाला घर बांधता येत नव्हते, तेच कूस उभारण्यास त्याला का बोलाविले गेले, हा प्रश्न त्या चरित्रांना पडत नाही.

याच मंगळवेढ्याची दुसरी कथा दामाजीपंतांची. बहामनी अमदानीत दुष्काळ पडला असता दामाजींनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेला खुली केली. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम काढला. आणि खुद्द विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन धान्याची किंमत भरली, अशी ती आख्यायिका. बेदरचाच बादशहा आणखी एका कथेत येतो. ती अमृतनाकाची कथा. बादशहाच्या बेगमेला सुखरूप परत आणून या अमृतनाकाने स्वतःसाठी काही न मागता जातभाईंसाठी बावन्न हक्कांची सनद मिळविली, असे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होते. या कथा इतिहास म्हणून घेता येणार नाहीत. परंतु ‘हक्क’ म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला कसे समजत होते, याचा त्या उत्तम पुरावा आहेत. दोन्ही कथांत धान्य काय, सनद काय, वरच्याच्या मर्जीने खाली येते. दामाजींची करुणा थोर होती, यात संशय नाही. पण भुकेल्या रयतेला त्या धान्यावर स्वतःचा दावा सांगता येत होता, असे आख्यायिकेतही कोणी म्हणत नाही.

आता ते हक्क कोणते ते पाहावे. खळ्यावरचा वाटा, मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे वस्त्र, सणाला घरोघर मागून आणायची भाकरी. त्यांच्या बदल्यात शीव राखणे, सरकारी सारा पोहोचविणे, मयताची बातमी गावोगाव नेणे, मेलेली ढोरे ओढणे, येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे. म्हणजे ज्याला आपण हक्क म्हणत होतो तो कामाच्या दोरीला बांधलेला होता आणि ती दोरी जन्माच्या खुंटीला. जुन्या सनदांतून ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असा शब्द येतो. सूर्यचंद्र असेतोवर देणगी चालेल, असा त्याचा अर्थ. त्यात गुलामीही तितकेच दिवस चालेल, हे अनुक्त राहते.

भाषेकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. ‘हक्क’ हा अरबी शब्द. मराठी दप्तरात तो वतनदाराचा ठरलेला वाटा या अर्थाने रुळला. संस्कृतातील ‘अधिकार’ हा शब्द पाहावा, तर मीमांसकांच्या परिभाषेत अधिकार म्हणजे अमुक कर्म करण्याची पात्रता, आणि ही पात्रता वर्णावर अवलंबून. शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, असा त्या शास्त्राचा निर्णय. तात्पर्य, आज आपण ज्या दोन शब्दांनी मानवी स्वातंत्र्याची भाषा बोलतो, ते दोन्ही शब्द दीडदोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ विरुद्ध अर्थाने वापरले जात होते. शब्द तेच राहिले आणि अर्थ उलटला. हा उलटा अर्थ आला कोठून?

युरोपात तरी तो पूर्वीपासून होता काय? मुळीच नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकापर्यंत सरदार, धर्मगुरू आणि बाकीची सारी प्रजा अशा तीन श्रेणी होत्या. रस्तेबांधणीसाठी शेतकऱ्याला वेठीस धरले जाई. सरदाराच्याच चक्कीवर दळावे लागे आणि त्याचा वाटा द्यावा लागे. शिकारीचे सुख सरदाराचे आणि तुडविलेले पीक कुळाचे. करांचा मुख्य बोजा ज्यांना काहीच अधिकार नाहीत त्यांच्यावर. आपल्याकडच्या अस्पृश्यतेसारखी सार्वत्रिक विटाळाची कल्पना तेथे नव्हती, हा भेद मोठा आहे. पण वतनदारी समाजाची घडण आपल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

या घडणीवर प्रथम विचाराने घाव घातला. इंग्लंडात जॉन लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन प्रबंधांत असे मांडले की, राज्यसत्ता ईश्वराने राजाला बहाल केलेली नसून प्रजेच्या संमतीने निर्माण झालेली आहे. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये कायद्यांच्या स्वरूपावर ग्रंथ लिहून सत्ताविभाजनाचा विचार दिला. १७५१ पासून दिदरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्ञानकोश काढला. त्यात सुतार, विणकर, लोहार यांच्या अवजारांची सविस्तर चित्रे छापली. कष्टकऱ्याचे कसब हा ज्ञानाचा विषय आहे, ही गोष्ट ग्रंथरूपाने मान्य होणे, हीच एक क्रांती होती. १७६२ मध्ये रूसोचा सामाजिक कराराचा सिद्धांत आला. १७८४ मध्ये जर्मनीत कांटने एका छोट्या निबंधात प्रबोधनाची व्याख्या केली: माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणे आणि दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी न पिता स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य करणे.

हे विचार पुस्तकांत राहिले असते, तर आपल्याला त्यांच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकन वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्रीय सभा जन्मास आली, आणि त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टच्या रात्री त्या सभेने सरदारी हक्क रद्द केल्याचे घोषित केले. सरदारच एकामागून एक उठून आपापल्या हक्कांवर पाणी सोडू लागले. गावोगाव कुळांनी गढ्यांवर चालून जाऊन हक्कांची दप्तरे जाळली होती, ही त्या औदार्यामागची खरी प्रेरणा. त्यानंतर बावीस दिवसांनी, २६ ऑगस्टला, मानवाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. हा क्रम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. आधी ‘हक्क’ रद्द झाले, मग ‘हक्क’ जाहीर झाले. जन्माने मिळणारे अनेकवचनी हक्क गेल्याशिवाय माणूसपणाने मिळणारे हक्क येऊ शकत नव्हते. मंगळवेढ्याच्या उपासकांच्या शंकेचे अर्धे उत्तर त्या बावीस दिवसांत आहे.

एक बारकावा मात्र सांगितला पाहिजे. त्या रात्री सारे खरोखर रद्द झाले नव्हते. काही देणी विनामोबदला गेली. काहींसाठी कुळांनी सरदाराला पैसे भरून सुटका करून घ्यावी, असे ठरले. संपूर्ण आणि विनामोबदला सुटका होण्यास जुलै १७९३ उजाडावा लागला.

इंग्लंडात एडमंड बर्कने १७९० मध्ये या क्रांतीवर कठोर टीका केली. त्याचा मुख्य मुद्दा असा की, पूर्वजांनी घालून दिलेली व्यवस्था हा वारसा आहे. ती एका पिढीने मोडू नये. १६८८ च्या सुमारास इंग्लंडच्या पार्लमेंटने स्वतःला आणि आपल्या वंशजांना कायमचे बांधून घेतले आहे. त्याला टॉमस पेनने उत्तर दिले. स्त्रियांच्या चोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा अमेरिकेच्या लढ्यात लेखणी घेऊन उतरला होता. त्याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ १७९१ आणि १७९२ साली दोन भागांत निघाला. त्याचा युक्तिवाद सोपा होता: मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा अधिकार नाही, जशी माणसावर माणसाची मालकी असू शकत नाही, तशी पिढीवर पिढीचीही असू शकत नाही. हा घाव ‘यावच्चंद्रदिवाकरौ’वर नेमका बसतो. बेदरच्या बादशहाची सनद खरी असो वा खोटी, तिने अमृतनाकाच्या पन्नासाव्या पिढीला बांधण्याचे कारण नाही.

हेच पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडले. १८४७ च्या सुमारास मित्रांसह त्यांनी त्याचे वाचन केले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केलेली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्री व पुरुष दोघांनाही निर्मिकाने समान मानवी अधिकार दिले आहेत, हे सूत्र आढळते. ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ या शब्दांचा मराठीतील अर्थ पालटला तो प्रामुख्याने जोतीरावांच्या लेखणीने, असे मला वाटते. भाषाशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

तथापि क्रांत्यांचे देव्हारे करू नयेत. अमेरिकेचा जाहीरनामा सर्व माणसांना समान म्हणतो. तरी गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू राहिली. फ्रान्सच्या १७९१ च्या राज्यघटनेने ठराविक कर न भरणाऱ्या गरिबांना मताधिकार नाकारला. ओलिंप द गूज या लेखिकेने त्याच वर्षी स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी, १७९३ मध्ये, तिचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या ताब्यातील सँ-दोमँग बेटावरील काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला. त्यांच्या लढ्याच्या रेट्याने फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि १८०२ मध्ये नेपोलियनने आपल्या वसाहतींत ती पुन्हा आणली. सँ-दोमँगच्या लोकांनी मात्र ती पुन्हा मानली नाही. १८०४ मध्ये त्यांनी हैती हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. पॅरिसच्या सभागृहात लिहिलेला जाहीरनामा शब्दशः खरा मानणारे लोक उसाच्या मळ्यात राबत होते. आपल्या वाचकांनी पॅरिसइतकाच हैतीचा इतिहास वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी हाच धागा उचलला. २५ डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेतील भाषणात त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. याच वर्षी ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी महार वतनावर लेख लिहिले होते. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे असे: वतनदार महार चोवीस तासांचा चाकर आहे, तो हजर नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला पकडून नेतात, मोबदला इतका तुटपुंजा की उरलेले पोट गावापुढे हात पसरून भरावे लागते, आणि हात पसरणाऱ्याला मान वर करता येत नाही. आपल्यातीलच काही जुन्या वतनदारांना हे रुचले नाही. कातडे, भाकरी, खळ्यावरची सुगी हे सारे जाणार, मग खायचे काय? त्यांची भीती खोटी नव्हती, हे आज मान्य केले पाहिजे. पोटाचा प्रश्न होता. परंतु महाडच्या जाहीरनाम्यातील हक्क आणि बावन्न हक्क एका घरात नांदू शकत नव्हते.

येथे अभ्यासू वाचक विचारील की, महाडला फ्रान्सचे उदाहरण देणाऱ्या बाबासाहेबांनीच ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे का सांगितले? आपल्या व्यासपीठांवरून याची दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक असे की, तिपिटकात सगळे आधीच होते, युरोपाने नवीन काहीच दिले नाही. दुसरे असे की, बाबासाहेबांनी पाश्चात्त्य विचाराला बौद्ध पेहराव चढविला. पाली ग्रंथांचा विद्यार्थी म्हणून मला ही दोन्ही उत्तरे स्वीकारता येत नाहीत.

प्रथम, काय होते ते पाहू. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात भगवंत गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात चिन्हांनी जाती वेगळ्या होतात, मनुष्यांत तसे चिन्ह नाही, असे एकेक अवयव मोजून दाखवितात. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात ते योन-कंबोज देशांकडे बोट दाखवितात: तेथे मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत, आणि मालकाचा दास व दासाचा मालक होतो, मग चार वर्ण ईश्वरनिर्मित कसे? परदेशातील समाजरचनेचा दाखला देऊन स्वदेशातील रूढी तपासण्याची ही रीत माँटेस्क्यूच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीची आहे. दीघनिकायाच्या अग्गञ्ञसुत्तात लोक एकत्र येऊन आपल्यातील एकाला निवडतात, त्याला साळीचा वाटा देण्याचे कबूल करतात आणि तो ‘महासम्मत’ होतो. कालामांना दिलेला उपदेश सर्वपरिचित आहे: केवळ अनुस्सवाने, परंपरेने, ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. आपले वक्ते सहसा येथेच थांबतात. पण पुढे लोभ, द्वेष, मोह यांची कसोटी आहे आणि सुज्ञांच्या मताचाही विचार करावयाचा आहे. कांटचे धैर्य आणि कालामांचा उपदेश शेजारी ठेवावेत, त्यांना एकच म्हणू नये.

आता काय नव्हते, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राज्यसंस्थेविरुद्ध व्यक्तीने मांडावयाचा दावा, या अर्थाच्या ‘हक्क’ शब्दाला पालीत नेमका प्रतिशब्द मला आढळलेला नाही. सिगालोवादसुत्तात मालकाने सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, वेळेवर सुट्टी द्यावी, असे सांगितले आहे. ही परस्पर कर्तव्ये आहेत. मालकाने ती पाळली नाहीत तर सेवकाने कोणाच्या दारात जावे, हे सुत्त सांगत नाही. ते दार प्रबोधनयुगाने आणि त्यातून निघालेल्या क्रांत्यांनी बांधले. लेखी संविधान, न्यायालय, मूलभूत हक्क ही त्याची अंगे.

आणि त्या दाराच्या आत काय नव्हते? बंधुता. स्वातंत्र्य आणि समता यांच्या घोषात १७९३-९४ साली फ्रान्समध्ये जे भीषण हत्याकांड झाले, ते बाबासाहेबांनी डोळ्यांआड केले नाही. बंधुतेसाठी कायदा पुरत नाही. तिला मनाची घडण लागते, आणि ती धम्माने होते, हा त्यांच्या आकाशवाणीवरील विधानाचा आशय आहे. ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये, जे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केले, ते आणखी पुढे जातात. फ्रेंचांनी ज्याला बंधुता म्हटले, त्याला बुद्धांचा ‘मैत्री’ हाच शब्द अधिक समर्पक आहे, असे ते म्हणतात. त्यांनी क्रांतीची पद्धत नाकारली नाही. तिची मुळे कोठे रुजवावीत, ते सांगितले.

बसवेश्वर आणि चोखामेळा यांच्या मंगळवेढ्याला हे दोन्ही एकाच वेळी लाभले नाही. कल्याणच्या शरणांनी समता माणसामाणसांत आणण्याचा यत्न केला. चांभार हरळय्याच्या मुलाचा ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी विवाह लावला, असे परंपरा सांगते, आणि राजसत्तेने दोन्ही पित्यांना ठार केले. संरक्षण देणारा कायदाच नव्हता. वारकरी संतांविषयी बाबासाहेबांचे मत कठोर होते: त्यांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतील नव्हे. आणि तरीही १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत.

घटनापरिषदेच्या उद्दिष्टांच्या ठरावात ‘बंधुता’ हा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत असणारे जुने कायदे शून्यवत् केले, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश केला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पेनने मृतांच्या सत्तेविरुद्ध जे म्हटले होते, त्याला भारतात याहून स्पष्ट कायदेशीर रूप मला दाखविता येणार नाही.

महार वतन मात्र १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने गेले, म्हणजे विधेयकानंतर तीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. कायद्याने चाकरी संपली. जमिनी सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरून घेऊन, पुन्हा त्याच कुटुंबांना देण्यात आल्या, पण नवीन शर्तीने.

व्याख्यानानंतर ते उपासक मला आपल्या घरी घेऊन गेले. चहा झाला. त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला सातबाराचा उतारा काढला आणि एका ओळीवर बोट ठेवले. ‘भोगवटादार वर्ग २’. म्हणजे जमीन त्यांची, पण विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. “सर,” ते म्हणाले, “बावन्न गेलं ते बरं झालं, आता समजलं. पर ह्यो त्रेपन्नावा कुणाचा?” मी चष्मा पुसून उतारा पुन्हा वाचला. परवानगीचा अर्ज कसा लिहावा, हे त्यांच्या नातवाला कागदावर उतरवून दिले आणि पंढरपूरची शेवटची गाडी गाठण्यासाठी निघालो.